हसऱ्या रिपीटरची चौकशी

आलोक फोनवर हसला, आणि अमृतराव नळेगावकरांच्या मनात पाल चुकचुकली.

आता मुलगा हसला म्हणून कुठलाही बाप सहसा काळजीत पडत नाही. पण आलोक लातूरला होता, नीटच्या तयारीसाठी होता, आणि तेही दुसऱ्यांदा. एकदा नीट देऊन आपटलेल्या आणि पुन्हा बसणाऱ्या पोराला रिपीटर म्हणतात. रिपीटर हसत नसतो. तो फोनवर 'हं' म्हणतो, 'जेवलो' म्हणतो, 'ठेवू का' म्हणतो. हा मात्र खदखदून हसला, आणि वर म्हणाला, "बाबा, तुम्ही 'हॅलो' असं म्हणता की पंचनाम्याला बोलावलंय असं वाटतं."

"हा आनंदात हाय," फोन ठेवून अमृतरावांनी बायकोला सांगितलं.

"बरं झालं की मग," सौदामिनीबाई म्हणाल्या.

"बरं काय? आनंदात राहायला पाठवलंय का त्याला तिथं?"

अमृतरावांचा स्वभाव मुळात वाईट नव्हता. पण नांदेडच्या मोजणी खात्यात त्यांचा जन्म गेला होता. एकाच ताटात जेवलेले सख्खे भाऊ बांधावर उभे राहून एकमेकांच्या आईच्या शपथा घेतात, आणि ती आई एकच असते, हे त्यांनी पाहिलं होतं. हद्दीचा दगड रात्रीतून चार हात चालत जातो हेही पाहिलं होतं. जिथं दगडाचा भरवसा नाही तिथं माणसाचा काय धरायचा? त्यामुळे ते प्रसादाच्या पाकिटावरची तारीख वाचत, डॉक्टरांना 'तुम्ही शिकलात कुठं' असं विचारत, आणि लग्नपत्रिका आली की नवरा-नवरीच्या नावांऐवजी आधी 'आहेर आणू नये' ही ओळ शोधत. बायकोकडून तर त्यांनी एक धडा घोकूनच घेतला होता. ओटीपी कुणालाही सांगायचा नाही. बँकेनं मागितला तरी नाही, पोलिसांनी मागितला तरी नाही. "आणि मी मागितला तरी न्हाई. काय भरवसा, तो मीच हाय का? आजकाल आवाज कुणाचाबी काढता येतो."

हसण्यानंतर पुरावे भराभर जमू लागले. होळी होऊन गेलेली, लातूरचं ऊन अंगाची कातडी सोलत होतं, आणि अशात आलोकनं घरून दोन जाड गोधड्या मागवल्या. त्या पोचल्या का हे बघायला अमृतरावांनी व्हिडिओ कॉल लावला, तर पोराच्या मागं भिंतीला अंड्यांचे ट्रे. एक नाही, दोन नाही, सबंध भिंत!

"अंडी?" अमृतरावांचा आवाज चिरकला.

"नेटवर्क जातंय बाबा," असं म्हणून आलोक गेला.

नळेगावकरांच्या घरात आजवर अंड्याचं नावसुद्धा 'ते' असं घेतलं जायचं. अमृतराव तडक समोरच्या गफूरभाईंच्या दुकानात गेले. गफूरभाई गल्लीतले जुने शिंपी. माप घेताना माणसाच्या पोटातलं काढून घेण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता.

"सीधी बात हाय साहेब," गफूरभाई मान न हलवता म्हणाले, कारण दातात सुई होती. "पोरगी."

"पोरगीसाठी कुणी गोधड्या मागवतंय का?" पडद्याआडून फरीदाभाभींचा आवाज आला. "अंडी अन् गोधड्या म्हटल्यावर पोल्ट्रीच ती. माझ्या मावसभावानं लोह्याला टाकली ना! पिल्लांना ऊब लागते. तुमचा आलोक कोंबड्या पाळून राहिला, लिहून घ्या."

हा तर्क इतका बिनतोड होता की अमृतरावांना मटकन खुर्चीत बसावं लागलं. आजोबा वैद्य, वडील हेडमास्तर, आपण मोजणीत, आणि पोरगा कोंबड्यांत! त्यांना डोळ्यांसमोर पाटीसुद्धा दिसली: नळेगावकर गावरान अंडी केंद्र.

तेवढ्यात त्यांच्याच घराच्या माडीवर भाड्यानं राहणारी, बँकेत नोकरी करणारी पुनम ब्लाउज न्यायला आली. सगळं ऐकून ती म्हणाली, "काका, एक सांगू का? आतून खचलेली पोरं कधी कधी उलट जास्त हसतात. मी वाचलंय."

त्यावर मात्र गफूरभाईंनी दातातली सुई काढून गादीला टोचली. क्लासच्या पोरांच्या बातम्या पेपरात सगळ्यांनीच कधी ना कधी वाचलेल्या होत्या. अमृतराव उठले, चपला उलट्यासुलट्या पायात घालून घरी गेले आणि रजेचा अर्ज लिहायला बसले. 'कारण' या शब्दापुढं पेन बराच वेळ थांबला. शेवटी त्यांनी 'स्थळपाहणी' असं लिहिलं.

मुलाला आधी कळवायचं नाही हे ठरलेलंच होतं. मोजणीला जाताना नोटीस द्यावी लागते आणि तिथंच सगळा घोटाळा होतो, हा त्यांचा अनुभव. तोंडाला मास्क, डोक्यावर टोपी अशा थाटात सकाळची लातूर एसटी त्यांनी पकडली. शेजारच्या माणसानं 'कुठपर्यंत?' असं विचारलं तेव्हा त्यांनी सावधपणे 'बघू' असं उत्तर दिलं. अहमदपूरपर्यंत त्या माणसानं आपली पिशवी मांडीवर घट्ट धरून ठेवली होती.

लातूरच्या ट्यूशन एरियात जिकडं बघावं तिकडं हसरे चेहरे होते, पण ते बोर्डावर. बोर्डाखालून जाणारी पोरं मान खाली घालून चालत होती. अमृतराव आलोकच्या क्लासच्या फाटकाबाहेर उभे राहून आत-बाहेर करणारी पोरं न्याहाळू लागले. फाटकावर ज्ञानोबा नावाचा वॉचमन होता. त्यानं थोडा वेळ बघितलं, मग काठी आपटत आला.

"कुणाला भेटायचं?"

"कुणालाच न्हाई."

"मग उभं कशाला राहिलात?"

"बघतोय."

"काय बघताय?"

"ते तुम्हाला कशाला सांगू?"

ज्ञानोबाचे डोळे बारीक झाले. आजवर अमृतरावांनी असे डोळे पुष्कळ लोकांवर रोखले होते; स्वतःवर रोखलेले पहिल्यांदाच बघितले, आणि ते त्यांना मुळीच आवडले नाहीत.

"दुसऱ्या क्लासचा माणूस हाय हा!" ज्ञानोबानं आत आरोळी दिली. "पोरं मोजायला आलाय!"

"मी बाप हाय!" अमृतरावांनी मास्क खाली ओढून ओरडून सांगितलं.

"मागल्या बारीला आलेला बी बापच म्हणत होता," ज्ञानोबा म्हणाला, आणि त्यांच्या दंडाला धरून त्यांना ऑफिसात घेऊन गेला. एका सरकारी कर्मचाऱ्याला, तेही भर दुपारी, शंभर पोरांच्या देखत!

ऑफिसात मुग्धा नावाची एक चुणचुणीत मुलगी काँप्युटरवर होती. तिनं आधारकार्ड बघितलं, परत दिलं. "आधार ठीक आहे सर, पण आमच्या सिस्टीमला पालकाच्या नंबरवरचा ओटीपी लागतो. नंबर आईंचा दिलाय."

अमृतरावांनी फोन लावून स्पीकरवर टाकला. "सौदामिनी, आत्ता तुला एक ओटीपी आला असंल, तो सांग."

पलीकडून ठाम आवाज. "न्हाई सांगणार."

"अगं, मी बोलतोय!"

"कशावरून?"

"माझा आवाज वळखू येईना का तुला?"

"आवाज कुणाचाबी काढता येतो आजकाल. आमच्या मिस्टरांनी सांगितलंय."

ज्ञानोबानं काठी दुसऱ्या हातात घेतली. अमृतरावांच्या टोपीखालून घाम ओघळला. "मग विचार काहीबी! मलाच ठाऊक असंल असं विचार!"

सौदामिनीबाईंनी थोडा विचार केला. "आमच्या लग्नात घोड्यावरून कोण पडलं?"

ऑफिसातल्या सगळ्यांनी माना वर केल्या. दोन रिपीटर फी-पावतीच्या रांगेत उभे होते, त्यांच्याही चेहऱ्यावर बऱ्याच दिवसांनी काहीतरी उमटलं.

"मी," अमृतराव म्हणाले.

"मोठ्यानं बोला."

"मी पडलो! मी!"

"कितीदा?"

"दोनदा."

"घ्या लिहून," सौदामिनीबाई म्हणाल्या आणि आकडे सांगितले.

एवढी अब्रू खर्च करून जे कळलं ते असं. आलोक सकाळच्या लेक्चरला असतो. दुपारच्या टेस्टला तो दिवाळीपासून नसतो. "आम्ही दर वेळी मेसेज पाठवलेत सर," मुग्धा म्हणाली.

"ते मीच खोडले," फोन अजून चालूच होता. "लिंक होती त्यात. लिंक आली की खोडायचं, तुम्हीच म्हणालात."

अमृतराव फोन बंद करून बाहेर आले. ज्ञानोबानं आता त्यांना पाण्याचा ग्लास दिला, पण तो प्यायची शुद्ध त्यांना नव्हती. पोरगा दिवाळीपासून दुपारचा जातो कुठं? आता कोंबड्यासुद्धा परवडल्या असत्या. त्यांना पुनमचं वाक्य राहून राहून आठवत होतं. त्यांनी आलोकला फोन लावला. बंद. पुन्हा लावला. बंद. आणि त्याच वेळी रस्त्यावरून त्यांच्या कानावर आलोकचा आवाज आला.

"आली, आली, आली! लातूरकरांनो, गाद्यांची महाक्रांती आली! किती दिवस झोपणार सतरंजीवर? उठा!"

अमृतरावांनी गरकन वळून बघितलं. छतावर दोन कर्णे बांधलेली एक रिक्षा समोरून निघून गेली. पहिल्यांदा त्यांना वाटलं, उन्हाचा तडाखा. मग आवाज पुन्हा म्हणाला, "उठाऽ!" आणि तो 'उठा' त्यांच्या घरचा होता. आलोक सातवीत असल्यापासून रविवारी सकाळी सगळ्या घराला असाच उठवायचा.

त्यांनी पुढची रिक्षा थांबवून आत उडीच मारली. "त्या रिक्षाच्या मागं घ्या!"

रिक्षावाला यासेर नावाचा तरुण होता. "काका, गादी घ्यायची का? त्यापेक्षा माझ्या वळखीचा..."

"गादी न्हाई! पोरगा घ्यायचाय माझा! त्या रिक्षात हाय तो!"

यासेरला इतकं कारण पुरेसं होतं. पाठलाग गंजगोलाईत शिरला. गंजगोलाई म्हणजे गोल बाजार, सोळा रस्ते तिथं येऊन मिळतात, आणि जाहिरातीची रिक्षा तिथं रस्ता पकडायला जात नसते, फिरायला जाते. पुढं आलोकचा आवाज गोल, मागं आलोकचा बाप गोल. मिरचीवाले, भांडीवाले, चुडीवाले एकाच रिक्षेतून एकच मास्कवाला गृहस्थ 'थांबाऽ' करत पुन:पुन्हा जाताना बघू लागले. शेवटी एका हातगाडीनं वाट अडवली आणि कर्ण्याची रिक्षा सापडली. अमृतराव धावत जाऊन आत डोकावले. आत ड्रायव्हर एकटाच, केळं खात.

"माझा पोरगा कुठाय?"

ड्रायव्हरनं केळं खाली ठेवलं, यंत्राला लावलेला पेनड्राइव्ह उपसला आणि समोर धरला. "ह्यात हाय."

आवाज अचानक बंद झाला म्हणून गर्दी जमली. "गादी खराब निघाली का काका?" एका बाईनं कळवळून विचारलं. दुसरा म्हणाला, "ग्राहक मंचात जावा, सोडू नका." तिसऱ्यानं मोबाइलवर शूटिंग सुरू केलं. अमृतरावांनी मास्क पुन्हा वर ओढला. पण यासेरनं तोवर माहिती काढली होती. "चला काका. रेवणसिद्धअण्णाचा स्टुडिओ. आवाज तिथंच भरतेत."

स्टुडिओ एका बियाण्याच्या दुकानावर होता. जिना चढून दार ढकललं आणि अमृतराव जागीच थबकले. चारी भिंतींना अंड्यांचे ट्रे ठोकलेले, खिडकीला सौदामिनीबाईंच्या हातच्या गोधड्या लावलेल्या. लाल काठाची तर त्यांच्या स्वतःच्या जुन्या धोतराची होती.

"अंडी कुठायत?" त्यांच्या तोंडून पहिला प्रश्न हाच आला.

"अंडी? अय्यो, नुसते ट्रे सर," यंत्रापुढं बसलेले जाडजूड गृहस्थ उठले. हे रेवणसिद्ध, निलंग्यापलीकडल्या कर्नाटक सरहद्दीवरचे. "आवाज घुमत न्हाई त्यानं. कुंदर्री सर, बसा, बसा. रेकॉर्डिंग चालू हाय, जरा दम धरा." आणि त्यांनी अमृतरावांच्या कानावर हेडफोन बसवला.

काचेपलीकडच्या खोलीत आलोक डोळे मिटून माइकपुढं उभा होता. अमृतरावांच्या दोन्ही कानांत त्याचा आवाज, गाद्यांचा नव्हे, वेगळाच, भारदस्त: "डॉक्टर व्हायचंय? मग भलत्या ठिकाणी दुपार वाया घालवू नका! आजच प्रवेश घ्या..." जाहिरात क्लासची होती. आलोकच्या नव्हे, त्याच्या समोरच्या क्लासची.

आलोकनं डोळे उघडले. काचेतून वडील दिसले. जाहिरातीची पुढची ओळ तिथंच राहिली.

बाहेर आल्यावर तो भिंतीला टेकून उभा राहिला. अमृतरावांनी बसमध्ये पाठ केलेलं सगळं भाषण आठवून बघितलं, पण ते कोंबड्यांवर बेतलेलं होतं.

"खरं सांग," त्यांनी सुरुवात केली.

"हेच," आलोक म्हणाला. "बाबा, तुम्ही बोलायच्या आधीच 'खरं सांग' म्हणता. मग मी काही सांगितलं तरी ते खोटंच वाटायला लागतं. मलासुद्धा. दिवाळीत तीनदा सांगायला आलो होतो. मला नाही जमत ते डॉक्टरचं. वाचतो, लक्षात राहत नाही. टेस्टचा कागद समोर आला की हात गार पडतात. ह्या अण्णांना एक दिवस आवाज पाहिजे होता, मेसमध्ये मी पोरांना नकला करून दाखवत होतो ते ऐकलं त्यांनी. इथं आलो की हात गार पडत नाहीत. बस."

"हे कुणी डोक्यात भरवलं तुझ्या?" अमृतरावांनी रेवणसिद्धांकडं बघितलं. "कागदोपत्री काय हाय तुमचं? नोंदणी हाय का?"

"हाय की सर, शॉप ॲक्ट हाय. दाखवू?" रेवणसिद्ध खरंच उठले, पण तेवढ्यात दार वाजलं.

एक वयस्कर गृहस्थ आत आले. अंगात स्वच्छ सदरा, पण गुंड्या वरखाली लागलेल्या. "आमची मंडळी गेली सकाळी," ते म्हणाले. "पाचला न्यायची हाय. रिक्षा फिरवायची म्हणतेत पोरं. नाव गौरम्मा."

रेवणसिद्धांनी त्यांना बसवलं. आलोक त्यांच्यापुढं खाली मांडी घालून बसला. वडील खोलीत आहेत हे तो विसरून गेला असावा. "आजोबा, गल्लीत काय म्हणायचे त्यांना?"

"गौरम्मा कुणालाच ठाऊक न्हाई बघा. सगळे धपाटेवाली आक्का म्हणायचे. शाळेपुढं बसायची."

"कुठल्या शाळेपुढं?"

म्हाताऱ्यानं सांगितलं. आलोकनं आणखी एक-दोन गोष्टी विचारल्या, मग आत गेला. अमृतरावांनी गळ्यात उतरवलेला हेडफोन पुन्हा कानांवर चढवला. ते कान देऊन ऐकू लागले, मनात एकच की कुठं खोटं सापडतंय ते बघू. गाद्यांसारखा ओरडला, किंवा उगाच गळा काढला, की धरायचा.

"ऐका हो ऐका," आलोक म्हणाला. हा आवाज अमृतरावांनी कधी ऐकलेला नव्हता. दारात उभं राहून शेजाऱ्याला सांगावं, तसा. "शाळेपुढं बसणाऱ्या, धपाटेवाल्या आपल्या आक्का, गौरम्मा, आज सकाळी आपल्याला सोडून गेल्या. त्यांच्या हातचं ज्यांनी खाल्लं, त्यांनी यावं. पाच वाजता, राहत्या घरून."

रेवणसिद्धांनी ते म्हाताऱ्याला ऐकवलं. "पुन्हा लावा," म्हातारा म्हणाला. पुन्हा लावलं. "आणखी एकदा." मग त्यानं उपरण्यानं तोंड पुसलं. "बराबर हाय. येतील आता लोक," असं म्हणून तो जिना उतरून गेला.

अमृतराव शोधत होते ते त्यांना सापडलं नव्हतं. त्यांनी हेडफोनचा एक कान बाजूला केला.

"'सोडून गेल्या'च्या आधी," शेवटी ते म्हणाले, "जरा थांबायला पाहिजे."

"थांबलो होतो, बाबा."

"आणखी थोडं."

आलोक आत गेला आणि पुन्हा म्हणाला. थांबला, आणखी थोडं. अमृतरावांनी मान हलवली. मग घसा खाकरून ते मूळ स्वभावावर आले. "नीटचा फॉर्म भरलाय, पेपर देऊन टाक. पुढं आवाजाचं काही शिक्षण असतं का?"

"असतं की. नांदेडलाच विद्यापीठात आहे. पण तुम्ही..."

"मी चौकशी करतो," अमृतराव म्हणाले. त्यांच्या जवळचे लोक जाणत होते की ह्या माणसाच्या तोंडून ह्याहून मोठा आशीर्वाद निघत नसतो. आलोक मोठ्यानं हसला. ते हसणं त्यांनी ह्या वेळी समोर बसून, नीट तपासून घेतलं. खरं होतं.

दुसऱ्या दिवशी नांदेडला गल्लीत शिरताच गफूरभाईंनी मशीन थांबवलं. फरीदाभाभी पडद्याबाहेर आल्या. पुनम बँकेला निघाली होती, ती थबकली. सौदामिनीबाई दारात उभ्या होत्या. त्यांना रात्री फोनवर सगळं कळलं होतं, पण नवरा गल्लीला काय सांगणार हे त्यांनाही कळलेलं नव्हतं.

"मग? काय निघालं साहेब?" गफूरभाईंनी विचारलं. "काय करून राहिला पोरगा?"

अमृतरावांनी टोपी काढली. "आवाजाचं काम शिकतोय."

गफूरभाई क्षणभर गोंधळले, आणि मग त्यांचा चेहरा एकदम उजळला. "म्हंजे घशाचा डॉक्टर! अरे वा! कान-नाक-घसा! फरीदा, शक्कर आण!" ते दुकानातून उतरून अमृतरावांच्या गळ्यातच पडले. "काय चीज हाय तुमचा पोरगा! अजून कालेजात जायच्या आधी घसा पकडला!"

"काका, मला टॉन्सिल्सचा किती त्रास आहे!" पुनम म्हणाली. कोपऱ्यावरच्या घरातून कुणीतरी विचारलं काय झालं, आणि कुणीतरी सांगितलंसुद्धा. फरीदाभाभींनी अमृतरावांच्या तळहातावर साखर ठेवली.

ती तोंडात टाकायची, की झालं. अमृतरावांना फक्त गप्प बसायचं होतं. एक शब्दसुद्धा खोटं बोलावं लागणार नव्हतं, आणि गल्लीत आयुष्यभर मान ताठ राहणार होती. त्यांनी सौदामिनीबाईंकडं बघितलं. त्या काहीच सुचवत नव्हत्या, नुसत्या वाट बघत होत्या.

"गफूरभाई," ते म्हणाले, "डॉक्टर न्हाई."

"मग?"

"नुसता घसा."

अमृतरावांनी साखर तोंडात टाकली, हात झटकले, आणि आजोबा-वडिलांची नावं लिहिलेल्या पाटीखालून ताठ मानेनं घरात गेले.